वाचनालयाच्या कपाटातून पुस्तक काढून घेण्याचा अधिकार नेमका कोणाचा?

पंचगंगाकाठ (धागाकर्ता)

नमस्कार. मी कोल्हापुरातील एका पेठेतील वाचनालयाचा गेली बावीस वर्षे सभासद आहे. वाचनालयाचे नाव येथे देत नाही, कारण मला कोणाची बदनामी करायची नाही. एक प्रश्न मात्र मनातून जात नाही, तो आपल्यासमोर ठेवतो.

गेल्या महिन्यात चार-पाच जण वाचनालयात आले आणि एका मराठी कादंबरीविषयी लेखी निवेदन देऊन गेले. या कादंबरीत आमच्या समाजाची बदनामी आहे, तेव्हा ती देवघेवीतून काढावी, एवढाच मजकूर त्यात होता. पान क्रमांक नव्हता, उताराही नव्हता. त्यांनी दमदाटी केली नाही, आवाजही चढवला नाही, हे प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. दुसऱ्या दिवशी कादंबरीच्या दोन्ही प्रती काचेच्या कपाटातून कार्यालयातील लोखंडी कपाटात गेल्या. मी पुस्तक मागितले तेव्हा ‘बाहेर गेले आहे’ असे उत्तर मिळाले. देवघेवीच्या नोंदीत ते कोणाच्याही नावावर नव्हते. आमचे ग्रंथपाल अत्यंत सज्जन गृहस्थ आहेत, आणि ते उत्तर देताना त्यांना झालेला त्रास मला स्पष्ट दिसला. मला पुस्तक न मिळाल्यापेक्षा त्यांना खोटे बोलावे लागले याचे जास्त वाईट वाटले.

असे करण्याचा अधिकार कार्यकारिणीला आहे का? आणि माझ्यासारख्या साध्या सभासदाने काय करावे? माझे स्वतःचे मत असे आहे की कादंबरी न आवडणाऱ्याला ती न वाचण्याचा आणि तिच्याविरुद्ध लिहिण्याचा पूर्ण अधिकार आहे, पण मी ती वाचू नये हे ठरवण्याचा अधिकार त्याला नाही.

रंकाळ्यावरची संध्याकाळ

कार्यकारिणीने तसा ठराव केला आहे का, हे आधी विचारा. ठराव नसेल तर ते पुस्तक नियमानुसार आजही देवघेवीत आहे.

दाखलनोंद

मी एकतीस वर्षे ग्रंथपाल म्हणून काम करून निवृत्त झाले, त्यामुळे थोडे सविस्तर लिहिते.

आपल्या राज्यातील सार्वजनिक वाचनालये महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालये अधिनियम, १९६७ या कायद्याखाली मान्यता घेतात. अ, ब, क, ड असे वर्ग असतात आणि त्यानुसार अनुदान मिळते. पुस्तकांची निवड आणि खरेदी वाचनालयाची समिती करते. संग्रहातून पुस्तक कायमचे कमी करण्याचीही एक रीत आहे, तिला आम्ही निर्लेखन म्हणतो. पाने फाटली, वाळवी लागली, पुराच्या पाण्यात भिजले, आवृत्ती जुनी होऊन माहिती निरुपयोगी झाली, सभासदाकडून हरवले, अशी कारणे त्यासाठी लागतात. याद्या तयार होतात, समितीपुढे जातात आणि मंजुरीनंतरच दाखल नोंदवहीत, म्हणजे संग्रहात आलेली प्रत्येक प्रत क्रमांकाने नोंदली जाते त्या वहीत, त्या क्रमांकापुढे शेरा पडतो. ‘काही लोकांना आवडले नाही’ हे कारण मी माझ्या नोकरीत एकदाही लिहिलेले नाही.

पण सर्वांनी नीट लक्षात घ्यावे की आपल्याकडे पुस्तके बहुधा ठरावाने जात नाहीत. ती लोखंडी कपाटात जातात. तेथे दोन-तीन वर्षे पडून राहतात, मग ‘मागणी नाही’ असा शेरा घेऊन निर्लेखनाच्या यादीत शिरतात आणि शेवटी रद्दीच्या वजनात मोजली जातात. कोणीही बंदी घातलेली नसते, आणि पुस्तक तर नाहीसे झालेले असते. धागाकर्त्यांनी सांगितलेला प्रकार त्याच वाटेवरचा आहे, म्हणून मला तो गंभीर वाटतो.

डॉ. रंगनाथन यांनी १९३१ मध्ये ग्रंथालयशास्त्राचे पाच सिद्धांत मांडले. त्यांतला पहिला सिद्धांत पुस्तके उपयोगासाठी असतात हा आहे; दुसरा, प्रत्येक वाचकाला त्याचे पुस्तक मिळावे; तिसरा, प्रत्येक पुस्तकाला त्याचा वाचक मिळावा. कुलूपबंद कपाट हे तिन्ही सिद्धांत एकदम मोडते.

करवीरचा पालक

येथे सर्वजण एकाच बाजूने बोलतील असे दिसते, म्हणून दुसरी बाजू मांडतो. माझी मुलगी आठवीत आहे आणि ती वाचनालयात एकटी जाते, ही गोष्ट मला आवडते. परंतु ती कोणते पुस्तक घरी आणेल याची काळजी मला वाटू नये काय? वाचनालय लोकांच्या वर्गणीवर आणि सरकारच्या अनुदानावर चालते. मग त्या पैशातून काय विकत घ्यावे आणि काय ठेवू नये, याविषयी लोकांनी बोलले तर ती लगेच गळचेपी कशी होते? पुस्तके निवडताना समितीही शेकडो पुस्तके नाकारतेच. त्याला आपण बंदी म्हणत नाही.

दाखलनोंद

@करवीरचा पालक, आपला प्रश्न योग्य आहे आणि मी तो टाळणार नाही. निवड करताना पैसे मर्यादित असतात, म्हणून शंभरांतून दहा पुस्तके घ्यावी लागतात; ती घेताना आम्ही वाचकांची मागणी, विषयांचा समतोल आणि आधीचा संग्रह पाहतो. घेतलेले, वाचले जाणारे पुस्तक एखाद्या मतासाठी काढून टाकताना मात्र आम्ही वाचकाकडे न पाहता तक्रार करणाऱ्याकडे पाहतो. दोन्ही वेळा पुस्तक कपाटात नसते हे खरे, पण कारण वेगळे असते.

मुलीविषयी म्हणाल, तर बालविभाग वेगळा असतो तो याचसाठी. तिने कोणते पुस्तक घरी आणावे हे तिच्या आईवडिलांनी तिच्याशी बोलून ठरवावे. मी काउंटरवर असताना अनेक पालक येऊन सांगत, ‘बाई, तिला एवढ्यात हे देऊ नका.’ मी ते पाळत असे. परंतु एका मुलीच्या पालकांचे म्हणणे पेठेतील सर्व प्रौढ सभासदांना लागू करणे मला कधी पटले नाही.

वकिली बाणा

कायद्याची बाजू सांगतो. एखादे प्रकाशन सरकारजमा करण्याचा अधिकार राज्य सरकारला आहे. पूर्वी फौजदारी प्रक्रिया संहितेचे कलम ९५ होते. १ जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचे कलम ९८ आहे. त्यासाठी अधिसूचना काढावी लागते आणि तीत सरकारच्या मताची कारणे नमूद करावी लागतात. त्याविरुद्ध दोन महिन्यांत उच्च न्यायालयात जाता येते, आणि अर्ज तीन न्यायमूर्तींच्या विशेष पीठापुढे चालतो. एका पुस्तकासाठी तीन न्यायमूर्ती बसवावेत इतकी ही गोष्ट कायद्याने गंभीर मानली आहे. चार माणसांच्या कागदावर ती गोष्ट एका रात्रीत होते, याचा अर्थ त्या चौघांना सरकारपेक्षा मोठा अधिकार मिळाला असा होतो.

आठवीतल्या मुलीच्या प्रश्नावर एक मराठी खटलाच आहे. ‘रंभा’ मासिकाच्या १९६२ च्या दिवाळी अंकातील ‘श्यामा’ या कथेवर अश्लीलतेचा खटला झाला. उच्च न्यायालयाने लेखक चंद्रकांत काकोडकर यांना दोषी ठरवले होते, पण १९६९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यांना निर्दोष ठरवले. कादंबरीत नुसता कामभावनेचा उल्लेख आला म्हणून ती किशोरांच्या हाती देण्यास अयोग्य ठरवली, तर किशोरांना एकही कादंबरी वाचता येणार नाही आणि केवळ धार्मिक पुस्तके वाचावी लागतील, अशा आशयाचे निरीक्षण न्यायालयाने त्यात नोंदवले आहे.

पन्हाळगडचा पाऊस

फार उपयुक्त माहिती. धन्यवाद, वकीलसाहेब.

उजळाईवाडी ते इलिनॉय

मी मूळचा कोल्हापूरचा, गेली सोळा वर्षे अमेरिकेत इलिनॉय राज्यात राहतो. येथे हा वाद फार मोठ्या प्रमाणावर चालू आहे. अमेरिकन लायब्ररी असोसिएशनच्या नोंदीनुसार २०२३ या एका वर्षात ४,२४० वेगवेगळ्या पुस्तकांवर हरकती आल्या; आदल्या वर्षी हा आकडा २,५७१ होता. हरकती शालेय ग्रंथालयांवर येतात, तशा गावाच्या सार्वजनिक ग्रंथालयांवरही येतात.

आमच्या राज्याने जून २०२३ मध्ये एक कायदा केला आणि तो १ जानेवारी २०२४ पासून लागू झाला. राज्याचे अनुदान हवे असेल तर ग्रंथालयाने, पक्षीय किंवा तात्त्विक नापसंतीमुळे पुस्तके काढणार नाही, असे लेखी धोरण स्वीकारले पाहिजे, किंवा असोसिएशनने १९३९ मध्ये तयार केलेली ग्रंथालय-हक्कांची सनद तरी मान्य केली पाहिजे. अशा प्रकारचा अमेरिकेतील हा पहिला कायदा. आपल्याकडेही वाचनालये अनुदानावर चालतात, म्हणून येथे लिहावेसे वाटले.

दुसरी एक पद्धत लगेच उचलण्यासारखी आहे. येथे हरकत घेणाऱ्याला एक अर्ज भरून द्यावा लागतो. आपण पूर्ण पुस्तक पाहिले आहे का, नेमक्या कोणत्या भागाला आपली हरकत आहे, असे प्रश्न त्यात असतात. निर्णय होईपर्यंत पुस्तक कपाटातच राहावे, अशी असोसिएशनची शिफारस आहे.

दाखलनोंद

अर्जाची कल्पना मला मनापासून आवडली. अनुदानाच्या अटीविषयी मात्र मला थोडी भीती वाटते. जो अनुदान देताना ‘पुस्तक काढू नका’ म्हणू शकतो, तोच उद्या ‘पुस्तक काढा’ असेही म्हणू शकतो. आपल्या वाचनालयांचे अनुदान उशिरा येते, कर्मचाऱ्यांचा पगार त्यावर अवलंबून असतो, आणि म्हणूनच समित्या घाबरून असतात. धागाकर्त्यांच्या ग्रंथपालांना दोष देताना हे विसरू नये. त्यांच्या जागी मी असते तर मलाही संध्याकाळी दिवे बंद करून एकटीनेच घरी जायचे असते.

भुदरगडची लेक

मी स्पर्धा परीक्षेच्या अभ्यासासाठी कोल्हापुरात राहते. खरे सांगायचे तर आमच्यापैकी बहुतेकांसाठी वाचनालय म्हणजे अभ्यासिका. सकाळी सातला जागा पकडायची आणि आपलीच पुस्तके वाचायची. त्यामुळे या धाग्यावर लिहावे की नाही असा विचार करत होते.

आमच्या गावात ग्रामपंचायतीच्या खोलीत एका कपाटाचे वाचनालय होते. ते सांभाळणारे काका मुलींना कादंबऱ्या देत नसत. तसा नियम कोठेही लिहिलेला नव्हता. मुलगी गेली की ते व्रतकथा, पाककृती किंवा थोरांची छोटी चरित्रे पुढे करत. माझ्या भावाला त्याच कपाटातून हवे ते मिळायचे. मी सातवीत असताना त्याच्या नावावर पुस्तके आणून वाचली, आणि पुस्तक परत करताना ‘कसे वाटले’ असे त्याला विचारले जाई म्हणून मी त्याला आदल्या रात्री सगळी गोष्ट सांगत असे. काका वाईट नव्हते. आमच्या भल्यासाठीच ते असे करतात, असे त्यांना वाटत होते. त्यामुळे ‘लोकांच्या भल्यासाठी पुस्तक काढले’ असे कोणी म्हटले की मला ते कपाट आठवते.

जुना राजवाडा

@भुदरगडची लेक, ताई, तुमचा प्रतिसाद दोनदा वाचला. त्यावरून जे सुचले ते लिहितो.

आपल्या मातीत वाचनबंदी पुस्तकांवर नंतर आली, ती माणसांवर आधी होती. कोणी काय ऐकावे, कोणी अक्षर शिकावे, कोणत्या मंत्रावर कोणाचा अधिकार, हे जन्माने ठरत असे. १८९९ च्या कार्तिकात पंचगंगेच्या घाटावर प्रत्यक्ष छत्रपतींच्या स्नानाच्या वेळी वेदोक्त, म्हणजे वेदांतील मंत्रांऐवजी, शूद्रांसाठीचे मानले जाणारे पुराणोक्त मंत्र म्हटले जात होते, आणि ते उघडकीस आल्यावर वेदोक्ताचे प्रकरण पेटले. राजालाही ‘हे शब्द तुमच्यासाठी नाहीत’ असे सांगितले जात होते, मग रयतेची काय कथा! शाहू महाराजांनी त्यानंतर वसतिगृहे काढली आणि १९१७ मध्ये सक्तीचे मोफत प्राथमिक शिक्षण सुरू केले. कोणाच्या तरी परवानगीने वाचण्याची गरज संपावी, हा त्यामागचा अर्थ मी घेतो.

ग्रंथालयांच्या बाबतीतही हे शहर पुढे होते. करवीर नगर वाचन मंदिर १८५० चे. भारतातील पहिला सार्वजनिक ग्रंथालय कायदा कोल्हापूर संस्थानाने १९४५ मध्ये केला. रंगनाथन यांच्या प्रयत्नांतून झालेला मद्रासचा कायदा त्यानंतर तीन वर्षांनी आला. ज्या गावाने वाचनालयाला देशात प्रथम कायद्याचे स्थान दिले, त्या गावात एक साधे निवेदन कादंबरीला कुलूप लावते, याचे मला फार वाईट वाटते.

करवीरचा पालक

@जुना राजवाडा, इतिहासच काढायचा तर तो पूर्ण काढू या. १८८२ मध्ये ‘केसरी’ आणि ‘मराठा’ यांनी कोल्हापूरच्या दिवाणांवर गंभीर आरोप छापले. ज्या पत्रांच्या आधारे ते केले ती पत्रे बनावट निघाली, आणि टिळक-आगरकरांना चार महिन्यांची शिक्षा झाली. म्हणजे छापलेल्या शब्दाने निरपराध माणसाचे नुकसान होते हेही याच गावाने पाहिले आहे. ज्यांनी निवेदन दिले त्यांच्या मनाला खरोखर लागले असेल, तर त्यांनी जायचे कोठे?

जुना राजवाडा

उदाहरण अगदी बरोबर दिलेत, आणि त्याचे उत्तरही त्यातच आहे. दिवाण बर्वे न्यायालयात गेले. आरोप उघडपणे तपासले गेले, पत्रे खोटी ठरली, आणि ती खोटी होती हे आज आपण सांगू शकतो ते त्या तपासणीमुळे. शिक्षा झालेल्या आगरकरांनी डोंगरीच्या तुरुंगातील एकशे एक दिवसांवर पुस्तक लिहिले, आणि तेही आपण वाचतो. त्या वेळी केसरीचे अंक गुपचूप उचलून कपाटात कोंबले असते, तर पत्रे खरी की खोटी हा संशय अजूनही शिल्लक राहिला असता. मन दुखावलेल्या माणसाला जाण्याचे ठिकाण हवे, याविषयी आपल्यात मतभेद नाही. तेथे कारण सांगावे लागावे आणि दुसऱ्या बाजूलाही बोलता यावे, एवढेच मी म्हणतो.

चिपळी आणि डफ

एक प्रश्न विचारतो, कोणी राग मानू नये. २५ डिसेंबर १९२७ रोजी महाडला मनुस्मृतीचे दहन झाले. आपण ते अभिमानाने सांगतो. मग पुस्तकाला विरोध करणाऱ्या इतरांना आपण कोणत्या तोंडाने नाही म्हणायचे?

जुना राजवाडा

राग कशाला, हा प्रश्न विचारायलाच हवा. ज्या ग्रंथाने कोट्यवधी लोकांचा शिकण्याचा अधिकार नाकारला, तो त्या नाकारलेल्या लोकांनी चवदार तळ्याच्या गावी, उघडपणे आणि आपली कारणे जाहीर सांगून जाळला. तो निषेध होता. ग्रंथ कोणत्याही वाचनालयातून काढा, अशी मागणी त्यात नव्हती. स्वतः बाबासाहेबांनी पुढे आयुष्यभर त्या ग्रंथातील श्लोक उद्धृत करून त्यांवर लिहिले. दुसऱ्याने तो वाचू नये असे त्यांना वाटले असते तर त्यांनी तो इतक्या बारकाईने वाचकांपुढे ठेवलाच नसता.

आणखी एक आठवण. १९८७ मध्ये महाराष्ट्र शासनाने बाबासाहेबांच्या ‘रिडल्स इन हिंदुइझम’ या हिंदू धर्माची चिकित्सा करणाऱ्या लेखनाचा खंड प्रसिद्ध केला, तेव्हा त्यातील मजकूर गाळावा म्हणून मोठे आंदोलन झाले आणि त्याविरुद्धही प्रचंड मोर्चे निघाले. शेवटी मजकूर राहिला आणि शासन या मतांशी सहमत असेलच असे नाही, अशी टीप जोडली गेली. मला ती टीप फारशी आवडत नाही, पण मजकूर गाळण्यापेक्षा टीप कितीतरी बरी. धागाकर्त्यांच्या वाचनालयालाही हा मार्ग आहे: निवेदन देणाऱ्यांनी चार पानांचे उत्तर लिहावे आणि ते कादंबरीशेजारी ठेवावे.

वकिली बाणा

@करवीरचा पालक, न्यायालयाचा मार्ग दोन्ही बाजूंना खुला असतो, याचे अलीकडचे उदाहरण देतो. शिवचरित्राविषयीच्या एका परदेशी अभ्यासकाच्या इंग्रजी पुस्तकावरून जानेवारी २००४ मध्ये पुण्याच्या भांडारकर संस्थेवर हल्ला झाला. त्या पुस्तकातील मजकुराने लोक दुखावले होते, हे नाकारता येत नाही. पण मोडतोड झाली ती आपल्याच हस्तलिखितांच्या आणि ग्रंथांच्या घरात. सरकारने पुस्तक जप्त करण्याची अधिसूचना काढली. ती मुंबई उच्च न्यायालयाने २००७ मध्ये रद्द केली आणि सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्ये तो निर्णय कायम ठेवला. कारणे नीट मांडलेली नसतील तर सरकारचा आदेशही टिकत नाही.

रंकाळ्यावरची संध्याकाळ

कॉम्रेड पानसरे यांची आठवण काढल्याशिवाय कोल्हापुरात हा विषय पुरा होत नाही. ‘शिवाजी कोण होता?’ ही त्यांची छोटी पुस्तिका घरोघरी गेली. १६ फेब्रुवारी २०१५ च्या सकाळी त्यांच्यावर आणि त्यांच्या पत्नी उमाताईंवर गोळ्या झाडल्या गेल्या आणि २० तारखेला ते गेले. त्यानंतरच्या आठवड्यात मी ती पुस्तिका आणायला गेले, तर आमच्या वाचनालयातील सर्व प्रती बाहेर होत्या. खरोखरच बाहेर होत्या, वाचकांच्या घरी. ग्रंथपालांनी माझे नाव प्रतीक्षा यादीत नववे लिहिले.

पंचगंगाकाठ (धागाकर्ता)

सर्वांचे आभार. दोन आठवड्यांत जे घडले ते सांगतो.

मी कार्यकारिणीच्या अध्यक्षांना भेटलो. ठराव झालेला नाही, हे त्यांनी मान्य केले. ‘वातावरण निवळले की पुन्हा बाहेर ठेवू,’ असे ते म्हणाले. तारीख विचारल्यावर गप्प झाले. मग सतरा सभासदांच्या सह्यांचे पत्र तयार केले. आमच्या मागण्या तीन आहेत. कादंबरी तत्काळ देवघेवीत यावी. हरकतीसाठी छापील अर्ज असावा, त्यात पान क्रमांक आणि पुस्तक पूर्ण वाचल्याचे निवेदन असावे, आणि निर्णय होईपर्यंत पुस्तक जागेवर राहावे. निर्णय एकट्या माणसाने न घेता समितीने लेखी कारणांसह घ्यावा, म्हणजे ग्रंथपालांवर भार येणार नाही.

निवेदन देणाऱ्यांपैकी एकांनाही मी भेटलो. त्यांनी कादंबरी वाचलेली नव्हती. मोबाइलवर आलेला एक परिच्छेद वाचला होता. तो परिच्छेद कादंबरीतील एका दुष्ट पात्राच्या तोंडी आहे, असे मी सांगितले. ते पटले की नाही हे मला कळले नाही, पण त्यांनी चहा पाजला आणि पुस्तक वाचायला मागितले. ते मी देऊ शकलो नाही, कारण ते कपाटात आहे.

बैठक येत्या रविवारी आहे. पत्रात काही राहिले असेल तर सांगावे.

करवीरचा पालक

अर्जाच्या मागणीला माझा पाठिंबा आहे. बालविभागासाठी पालकांची संमती वेगळी नोंदवावी, एवढे त्यात जोडा. मग अठरावी सही माझी घ्या. पहिल्या मागणीविषयी माझे मत अजून ठरलेले नाही.

दाखलनोंद

पत्रात कादंबरीच्या नावाबरोबर दोन्ही प्रतींचे दाखल क्रमांक अवश्य लिहा, आणि पत्राच्या दुसऱ्या प्रतीवर पोच घ्या. रविवारच्या विषयपत्रिकेत निर्लेखनाची यादी मंजूर करण्याचा विषय आहे का, तेही आजच पाहून ठेवा. असेल तर यादी वाचून दाखवण्याची विनंती करा आणि ते दोन क्रमांक तीत नाहीत याची स्वतः खात्री करून घ्या. अशा याद्या बैठकीच्या शेवटी, सर्वांना घरी जायची घाई असताना, न वाचताच मंजूर होतात.